भरतीच्या ग्राउंडवरची मसाज गन: तीन हजारांच्या आत काय घेतलं आणि का

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रात एका तालुक्याच्या गावी चालणारी ही पोलीस भरतीची ॲकॅडमी. चालवणारे सर फौजेतून निवृत्त झालेले. मुलांचं हॉस्टेल पत्र्याच्या शेडमध्ये, मुली गावातल्या किंवा आसपासच्या वाड्यांवरून येणाऱ्या. सगळी मिळून तीसेक पोरं. मी जिल्ह्याच्या ठिकाणी फिजिओथेरपीची प्रॅक्टिस करतो आणि अधूनमधून रविवारी तिथं जाऊन दुखणीखुपणी बघून येतो. ओळख पटू नये म्हणून गावाचं, माणसांचं आणि विकत घेतलेल्या वस्तूचंही नाव इथं घेतलेलं नाही.

भरतीशी संबंध नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. शिपाई पदाची शारीरिक चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. सोळाशे ५ मिनिटं १० सेकंदांत मारलं की २० पैकी २०. त्यानंतर एकेका सेकंदाला जीव टांगणीला. त्यामुळे पाय दुखतोय म्हणून चार दिवस विश्रांती घे, हे वाक्य या पोरांना शिवीसारखं लागतं.

जुलैत पावसानं मैदानाचा चिखल झाला आणि सराव डांबरी रस्त्यावर गेला. त्याच सुमारास जाहिरात निघणार अशी हवा उठली, म्हणून सरांनी फेऱ्याही वाढवल्या. रस्ता कडक, अंतर जास्त, बूट गेल्या वर्षीचे. या तिन्ही गोष्टी एकाच महिन्यात जमून आल्या होत्या. पुढचं सगळं वाचताना हे डोक्यात ठेवा.

मागणी काय होती

सरांचा फोन आला. "डॉक्टर, पोरांच्या पोटऱ्या दगड झाल्यात. ती मसाज गन म्हणत्यात ती घेऊ का? तीन हजारांच्या आत बसली तर बघा."

मसाज गन म्हणजे हातात धरून स्नायूवर भराभर ठोके देणारं बॅटरीचं यंत्र. पैसे कुठून आले तेही सरांनी सांगितलं. इथूनच भरती झालेल्या एका मुलानं पहिल्या पगारातले ५,००० रुपये ॲकॅडमीला दिले होते. त्यातले तीन हजार गनला आणि उरलेल्यात नवे गोळे, असा सरांचा हिशोब. मोबाईलवर त्यांनी दोन-तीन वस्तू काढूनही ठेवल्या होत्या. सगळ्यांवर मूळ किंमत सात-आठ हजार खोडलेली आणि खाली अकराशे-बाराशे. ही खोडलेली किंमत बघून माणूस निम्मा गळतोच.

पहिला निर्णय: हे दुखणं गनचं आहे का?

वस्तू कुठली हे ठरवायच्या आधी मी पोरं बघायचं ठरवलं. पोटऱ्या दगड झाल्यात या एका वाक्यात किमान तीन वेगळी दुखणी लपलेली असतात, आणि गनचा उपयोग त्यातल्या एकालाच होतो.

रविवारी सगळ्यांना ओळीनं बाकावर बसवलं. बहुतेकांचं दुखणं खरोखर स्नायूचंच होतं. स्पीड वर्कआउटच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोटरी आणि मांडी आवळून येते, जिना उतरताना बोंब होते आणि मग आपोआप ओसरते. ही ठणक २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असते. पोरं तिला लॅक्टिक ॲसिड साचलं म्हणतात; जिमवाल्यांनी शिकवलेलं असतं. ते ॲसिड पळणं थांबल्यावर तासाभरातच रक्तातून निघून जातं, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या ठणक्याचा दोष त्याला देता येत नाही. सवयीपेक्षा जास्त ताण पडून स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि तिची सूज-दुरुस्ती चालू असते, त्याची ती ठणक. मसाज गननं ती काही काळ कमी जाणवते आणि सांधा मोकळा हलतो. दुरुस्ती लवकर होते असं छातीठोकपणे सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

दुसरा गट पाच-सहा जणांचा. यांचं दुखणं पोटरीत नव्हतं, नडगीच्या आतल्या कडेला होतं, खालच्या अर्ध्या भागात, हाताच्या चार बोटांएवढ्या लांबीवर पसरलेलं. याला पोरं शिनपेन म्हणतात. हाडाच्या कडेला चिकटलेल्या आवरणावर आणि हाडावर येणाऱ्या ताणाचं हे दुखणं. तिथं गन लावली तर हाडावरच ठोकाठोकी होते. पोटरीचा स्नायू हलकेच मोकळा केला तर थोडा आराम पडतो, पण खरा इलाज म्हणजे पळणं कमी करणं आणि डांबर सोडणं.

आणि एक मुलगा होता तो तिसराच. "सर, इथंच दुखतंय," म्हणून त्यानं नडगीवर एका बोटानं जागा दाखवली. एका बोटानं दाखवता येणारी जागा मला आवडत नाही. त्याला त्या एका पायावर उडी मारायला सांगितली तर पहिल्याच उडीला चेहरा आंबट झाला. रात्री झोपेतही ठणकतं म्हणाला. हाडाला बारीक चीर पडायला लागली असावी, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर, असा माझा संशय. सरांनी मोबाईलवर काढून ठेवलेली गन आदल्याच आठवड्यात आली असती, तर पहिला नंबर याच पोराचा लागला असता. सगळ्यात जास्त दुखत होतं त्यालाच ना.

त्याला त्याच दिवशी पळण्यातून बाहेर काढलं आणि हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. चिठ्ठीत एक गोष्ट मुद्दाम लिहिली: एक्स-रे साफ आला तरी पळायला सोडू नये. अशी चीर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेवर बहुतेक वेळा दिसतच नाही. घरचे लोक मात्र साधा फोटो साफ आला की पेढे वाटून मोकळे होतात.

याखेरीज गोळा फेकणाऱ्या दोघी-तिघींचं खांद्यामागं आणि कोपरापासून मनगटापर्यंत आवळून येत होतं. त्यांना गनचा उपयोग होण्यासारखा होता.

थोडक्यात, तीस जणांत वीसेकांना गन उपयोगी पडण्यासारखी, पाच-सहांना जपून, एकाला साफ मनाई. एवढ्यावर ती घेणं योग्य होतं का? माझं मत होतं की हो, पण तीन हजारांच्या वर एक रुपयाही नको.

कोणते पर्याय समोर होते

गन घ्यायचीच नाही, हा पहिला पर्याय. फोम रोलर, म्हणजे अंगाखाली घेऊन लोळायचा फोमचा लांबट गोल ठोकळा, पाच-सातशेला मिळतो, टेनिसचा चेंडू फुकटच, आणि पोटरीसाठी घरचं लाटणंसुद्धा चालतं. रोलर बिघडत नाही, चार्ज करावा लागत नाही. पण त्यावर अंगाचा भार टाकून लोळायला कोरडी सपाट जागा लागते आणि पहाटेच्या ओल्या ग्राउंडवर ती नव्हती. शिवाय पोरांना सरळ सांगितलं तर रोलर ते दोन दिवस करतात आणि तिसऱ्या दिवशी त्यावर डोकं ठेवून झोपतात. तरीही एक रोलर घ्यायचाच, हे तिथंच ठरलं.

दुसरा पर्याय सरांच्या भाच्यानं सुचवला. तो वायरमन आहे. "मामा, ड्रिल मशीनला पुढं रबरी गोळा बसवून देतो, दोनशे रुपयात काम." हसण्यावारी नेण्यासारखं हे नाही, कारण आज जगभर विकली जाणारी थेरागन नावाची मसाज गन जन्मली ती अशाच खटपटीतून. लॉस एंजेलिसचे कायरोप्रॅक्टर (हातानं मणके-सांधे बसवून उपचार करणारे) जेसन वर्सलँड यांचा २००७ मध्ये मोटारसायकल अपघात झाला आणि स्वतःच्या दुखण्यासाठी त्यांनी हत्याराच्या मोटारीतूनच पहिलं यंत्र जुळवलं. बाजारात यायला पुढं २०१६ उजाडलं. पण भाच्याचं ड्रिल गोल फिरणारं. कातडी पिळवटून निघाली असती. मधल्या वर्षांत जे काम झालं ते नेमकं धक्का किती खोल, किती जोरात आणि कुठं थांबायचा, यावर. ते दोनशे रुपयांत येत नाही.

तिसरा, हजार-बाराशेची छोटी गन. चौथा, अडीच ते तीन हजारांची, वॉरंटी देणारी छोटी गन. पाचवा, पाच हजारांच्या पुढची मोठी, किलोभर वजनाची. सहावा, दहा हजारांच्या वरची नावाजलेल्या परदेशी कंपनीची छोटी गन. शेवटचे दोन पैशांअभावी गळाले. मोठ्या गनबद्दल एवढंच सांगतो, की मांडी आणि कुल्ल्यांच्या जाड स्नायूंसाठी ती खरोखर सरस असते, पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलीनं किलोभराचं यंत्र स्वतःच्याच पाठीमागं धरायचं म्हणजे नवा व्यायाम.

उरले दोन: बाराशेवाली की तीन हजारांच्या आतली. खरा खल इथंच झाला.

खोक्यावरचे आकडे

स्वस्त गनच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं असतं ते सगळ्यात कमी कामाचं असतं. तीस स्पीड लेव्हल. मोटर साधारण मिनिटाला १८०० ते ३२०० ठोके एवढ्या पट्ट्यात चालते. त्याचे तीस तुकडे केले काय आणि चार केले काय, सतराव्या आणि अठराव्या लेव्हलमधला फरक कुणाच्याही पोटरीला कळत नाही. उलट तीस लेव्हल म्हटलं की टच पॅनल आला, आणि ओल्या-घामट बोटांना टच पॅनल दाद देत नाही. आम्हाला दाबायचं साधं बटण हवं होतं.

बॅटरीचं तसंच. एका साडेतीनशे ग्रॅमच्या गनवर ६००० एमएएच (बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) लिहिलेलं होतं. आत बोटाएवढ्या जाडीचे दोन सेल असतात. ते एकामागून एक जोडले की व्होल्टेज दुप्पट होतं, एमएएच एका सेलचेच राहतात. विकणारा मात्र दोन्हींची बेरीज करून छापतो. विचारायचं असेल तर वॅट-अवर विचारा: व्होल्टेज गुणिले अँपिअर-अवर. ७.४ व्होल्ट आणि २५०० एमएएच म्हणजे १८.५ वॅट-अवर. आमच्या कामाला एवढं पुरे होतं. वीस जण, दोन पोटऱ्या, प्रत्येकीला मिनिटभर, म्हणजे चाळीस मिनिटांचं काम. ऑनलाइन वाचलं तर लोक ही गन विमानात चालते का म्हणून विचारत असतात (१०० वॅट-अवरच्या आत असल्यानं केबिनच्या बॅगेत चालते). आमची पोरं भरतीला एसटीनं जातात.

कामाचे आकडे दोन, आणि ते बहुधा लहान अक्षरात असतात किंवा नसतातच. एक म्हणजे डोकं आतबाहेर किती सरकतं, त्याला ॲम्प्लिट्यूड म्हणतात. मोठ्या चांगल्या गनमध्ये ते १२ ते १६ मिमी, छोट्या चांगल्यांत ७ ते १० मिमी. त्याहून कमी झालं की स्नायूपर्यंत धक्का पोचत नाही, वरच्या वर नुसती कातडी थरथरते. दुसरा स्टॉल फोर्स, म्हणजे किती दाबल्यावर मोटर अडते. अंगावर टेकवताच गळपटणारी गन हवेत कितीही फडफडली तरी उपयोग शून्य.

दुकानात काय तपासलं

सरांचं म्हणणं, ऑनलाइन दोनशे रुपये स्वस्त पडतं. पण मागवायच्या आधी आम्ही दोन गोष्टी बघितल्या. रिटर्नच्या जागी फक्त बदलून मिळेल असं लिहिलेलं होतं, आणि वॉरंटीच्या पिकअपसाठी तालुक्याचा पिनकोड टाकला तर सेवा उपलब्ध नाही. त्या क्षणी दोनशे रुपयांचा मोह संपला. जिल्ह्याच्या गावी खेळाच्या सामानाचं एक दुकान आहे, तिथं चालवून बघू देतात. तिथं गेलो.

ॲम्प्लिट्यूड मोजायला काही यंत्र लागत नाही. काउंटरवर स्टीलची पट्टी उभी धरली, गनचं डोकं तिच्याशेजारी, आणि मोबाईलवर स्लो-मोशन व्हिडिओ. मग एकेक फ्रेम पुढं सरकवत डोकं कुठल्या रेघेपासून कुठल्या रेघेपर्यंत जातं ते बघायचं. बाराशेवाल्या गनच्या खोक्यावर १० मिमी लिहिलं होतं. पट्टीवर सहाच्या आसपास भरलं. अठ्ठावीसशेवालीवर ८ लिहिलं होतं आणि ते आठाला आठ निघालं.

स्टॉल फोर्ससाठी दुकानातलाच वजनकाटा घेतला. त्यावर चौघडी टॉवेल ठेवला आणि गन सरळ उभी दाबत गेलो. बाराशेवालीचा आवाज चार किलोच्या आसपास घोगरा झाला आणि ती थांबली. दुसरी नऊ किलोपर्यंत तग धरून होती. दुकानदार आधी जरा वैतागला होता, मग त्यानंच शेल्फवरची तिसरी काढून दिली, "हीपण बघा की." ती पाचला बसली.

लेबलही वाचलं. लिथियमच्या सेल-बॅटरीला आपल्याकडे बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे, आयएस १६०४६ या मानकाखाली. आर अक्षरानं सुरू होणारा क्रमांक असतो आणि तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघता येतो. अठ्ठावीसशेवालीचा क्रमांक ॲपमध्ये सापडला. बाराशेवालीवर क्रमांकच नव्हता, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नव्हता, कुठल्या देशात बनली तेही नव्हतं. ही माहिती पॅकेटवर छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. पत्र्याच्या शेडमध्ये, पोरांच्या गाद्यांशेजारी रात्रभर चार्जिंगला लागणारी बॅटरी निनावी नको, यावर सरांना काही पटवावं लागलं नाही.

तरीही शेवटचा कौल दिला तो वेगळ्याच गोष्टीनं. पावसाळ्यात त्या हॉस्टेलात गजकर्ण फिरत असतं. मी तिथं जातो तेव्हा निम्मा वेळ त्यावरच जातो. बहुतेक स्वस्त गनसोबत येणारं गोल डोकं फोमचं असतं. फोम घाम पितो आणि पुसून साफ होत नाही. एकाच्या मांडीवरून ते दुसऱ्याच्या मांडीवर गेलं तर तीन हजारांत आपण स्नायूदुखी कमी केली आणि गजकर्ण वाटलं. अठ्ठावीसशेवालीची डोकी सिलिकॉन आणि कडक प्लास्टिकची होती, सॅनिटायझरनं पुसली की झालं. घरात एकट्यानं वापरणाऱ्यानं हा मुद्दा बिनधास्त सोडून द्यावा. एका गनवर तीस अंगं असतील तर हाच पहिला.

पक्कं बिल घेतलं, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का घेतला. वर साडेसहाशेचा एक रोलर.

वापराचे नियम

पहिल्याच संध्याकाळी सरांचा फोन: "डॉक्टर, मशीन मेलेलं आलंय. चार्जच घेत नाही." गनला टाइप-सी होल होतं आणि सरांनी नव्या मोबाईलच्या चार्जरची दोन्ही टोकं टाइप-सी असलेली केबल लावली होती. बऱ्याच स्वस्त वस्तूंच्या टाइप-सी होलामागं चार्जरला ओळख देणारे दोन छोटे रेझिस्टर बसवलेलेच नसतात. मग तसला चार्जर वीज सोडतच नाही. खोक्यातलीच केबल, मागचं टोक जुन्या चौकोनी यूएसबीचं, साध्या चार्जरला लावली आणि लाल दिवा लागला. लोक या एका कारणासाठी चांगली गन परत करतात.

वापराचे नियम मी कागदावर लिहून दिले होते. ते कुणी वाचले नाहीत. सरांनी परेडच्या आवाजात सांगितलं तेव्हा बसले: हाड लागलं की हात उचल. एका जागी मिनिटभर, एका स्नायूला जास्तीत जास्त दोन मिनिटं. स्पीड खालून दुसरी. ट्रॅकपँटवरूनच लावायची, उघड्या कातडीवर नाही. मान, गळा, पोट, जांघ, गुडघ्याची मागची खळी, कुठंही नाही. सुजलेल्या, काळ्यानिळ्या, नव्यानं लचकलेल्या जागी नाही. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून गरम लागली तर गन तर नाहीच, पण ताबडतोब दवाखाना, कारण ती रक्ताची गाठ असू शकते.

दोन मिनिटांचा नियम पोरांना नाटकी वाटला. म्हणून त्यांना २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली एक नोंद सांगितली: सायकल चालवणारी २५ वर्षांची एक तरुणी, थकलेल्या मांड्यांवर मसाज गन झाली, आणि पुढं लघवी चहाच्या रंगाची झाल्यावर दवाखान्यात भरती. स्नायू तुटून त्यातलं द्रव्य रक्तात उतरलं होतं, आणि त्याचा भार किडनीवर येतो. अशा घटना विरळाच. पण चहाच्या रंगाची लघवी हे शब्द पोरांच्या डोक्यात राहिले, आणि माझं काम झालं.

शंभर मीटरच्या आधी लावू का, हा प्रश्न अर्थातच आला. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या संशोधकांनी २०२० मध्ये १६ पुरुषांच्या पोटरीवर पाच मिनिटं गन चालवून बघितली. घोट्याची हालचाल साधारण पाच अंशांनी वाढली, ताकद कमी झाली नाही. वाढलीही नाही. पळण्याचा वेळ त्यांनी मोजलाच नव्हता, म्हणून गननं शंभर मीटर लवकर जाशील असं कुणाला सांगता येत नाही. सोळा निरोगी माणसांवरच्या प्रयोगाचा भार किती उचलावा हेही आहेच. माझा सल्ला: भरतीच्या दिवशी नवं काहीच करायचं नाही. बूट नवे नाहीत, नाष्टा नवा नाही, आणि गनही नाही, जर ती रोजची सवय नसेल तर.

पुढं काय झालं

पहिल्या आठवड्यात मस्ती झाली. कुणीतरी टॉप स्पीडवर दुसऱ्याच्या मांडीला चिकटवून ठेवली आणि सकाळी तिथं रुपयाएवढं काळंनिळं. त्यानंतर गन सरांच्या खोलीत गेली. संध्याकाळच्या हजेरीनंतर बाहेर येते, एक सीनियर मुलगा हातात घड्याळ धरून उभा असतो. मुलींच्या बाजूला हे काम त्यांच्यातलीच एक बघते. मुलींची वेळ आणि जागा वेगळी, हे मी सांगायच्या आधीच सरांनी ठरवलेलं होतं.

सप्टेंबरपर्यंत पोटऱ्यांच्या तक्रारी बऱ्याच कमी झाल्या. याचं श्रेय गनला द्यायला मी तयार नाही. त्याच काळात मी सरांना डांबरावरचं पळणं आठवड्यातून दोनदाच ठेवायला लावलं होतं, उरलेले दिवस माळावरच्या मुरमाड वाटेवर. फेऱ्या वाढवायच्या तर हळूहळू. चौघांनी बूट बदलले. पोरांना विचारलं तर ती गनचंच नाव घेतात, कारण गन दिसते, कमी झालेल्या फेऱ्या दिसत नाहीत. नडगीवाल्या पाच-सहांपैकी बहुतेक बरे झाले, आणि त्यांना तर गन जवळपास लावलीच नव्हती.

गोळाफेकवाल्या मुलींना मात्र उपयोग झाला असं मला स्वतःला वाटतं. खांद्यामागच्या स्नायूपर्यंत स्वतःचा हात पोचत नाही, मैत्रिणीनं अंगठ्यानं दाबलं तर तिचा अंगठा दुखतो. तिथं दीड मिनिटाची गन बरोबर बसते.

एका बोटानं जागा दाखवणाऱ्या मुलाचा एक्स-रे साफ आला. वडील म्हणाले, "काय नाही, पळू दे." सरांनी त्यांना बसवून घेतलं आणि एमआरआय करायला लावला. हाडावर ताणाची खूण निघाली. चीर पूर्ण झालेली नव्हती. सहा आठवडे पळणं बंद, त्या काळात सायकल आणि वरच्या अंगाचा व्यायाम, मग चालणं-पळणं आलटून पालटून. आता तो पुन्हा सोळाशे मारतो. वेळ अजून जुन्या आकड्यावर आलेली नाही.

गनचं म्हणाल तर बॅटरी ठीक आहे. डोकं बसवतात तिथली रबरी रिंग सैल झाली आणि खडखड आवाज यायला लागला. दुकानदारानं वॉरंटीत घेतली, आठ दिवसांनी परत दिली. ऑनलाइन घेतली असती तर ती आज कपाटात पडून असती असं सर म्हणतात, आणि मला ते पटतं.

पुन्हा करायचं झालं तर

क्रम बदलावा लागेल. जुलैत आधी बूट आणि रस्ता बघायला हवा होता. पाच हजारांत दोन गरजू पोरांना बरे बूट आले असते, आणि नडगीच्या दुखण्यावर त्याचा परिणाम गनपेक्षा नक्कीच जास्त झाला असता. पण देणाऱ्या मुलाला काहीतरी सगळ्यांसाठी द्यायचं होतं आणि बूट एकेकाच्याच पायाचे. हा पेच खरा आहे, मी तो सोडवू शकलो नाही.

नोंद ठेवायला हवी होती. कुणाला कधी किती दुखलं, दहापैकी आकडा, वहीत एक रकाना. तो नसल्यानं काय कशानं बरं झालं याचा आता नुसता अंदाज आहे. हॉस्टेलवर हजेरीची वही असतेच. तिलाच एक रेघ वाढवली तरी चाललं असतं. सरांनी ऑक्टोबरपासून वाढवलीय.

बाराशेवाली कधीच घेऊ नये का? तिच्यावर बीआयएस क्रमांक आणि आयातदाराचा पत्ता असता, आणि वापरणारा एकटा, दिवसभर खुर्चीत बसून खांदे आवळलेला माणूस असता, तर सहा मिमीची गनही त्याला बरी वाटली असती. पळणाऱ्या पोराच्या मांडीला ती पोचत नाही एवढंच. आणि मधुमेहानं पायाची संवेदना कमी झालेले, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे, पायाच्या शिरा फुगलेले किंवा गरोदर असतील तर कुठलीही गन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सरांच्या आईंनी गुडघ्याला लावून मागितली होती. त्यांना साखर आहे. सरांनी नाही म्हटलं आणि त्या दोन दिवस बोलल्या नाहीत.

पाच हजारांतून अठ्ठावीसशे आणि साडेसहाशे वजा जाता उरलेल्या साडेपंधराशेत मुलींसाठी चार किलोचा एक गोळा आला. मुलांचा ७.२६० किलोचा गोळा जुनाच आहे. आता मुलींनी दुसऱ्या गनची मागणी लावून धरलीय, त्यांची पाळी येईपर्यंत अंधार पडतो म्हणून. सर विचारत होते. मी म्हटलं, आधी मुलींची वेळ पुढं घेऊन बघा, आणि बूट कुणाकुणाचे झिजलेत त्याची यादी मला पाठवा.